निर्जन ध्रुवीय बेटाची नोंद कशी लिहावी

१४ जानेवारीच्या भूगोल दिनासाठी भित्तिपत्रक करायचे असो, शाळेच्या हस्तलिखितात दोन पाने भरायची असोत किंवा गावच्या वाचनालयात तासाभराचे व्याख्यान द्यायचे असो, दूरच्या एखाद्या बेटाची माहिती लिहायला बसलेला माणूस बहुधा बेटाच्या नावापासून सुरुवात करतो. मालवणच्या किंवा अलिबागच्या समोरच्या बेटांसाठी ही पद्धत चालून जाते, कारण तिथे माणसांचा राबता शतकानुशतके आहे आणि बेट नेमके कोणते याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. ध्रुवांजवळच्या लहान, निर्जन बेटांचे तसे नाही. जहाजावरून धुक्यात कोणाला तरी काहीतरी दिसले, त्याने ते नकाशावर एका जागी मांडले आणि त्याला नाव दिले, एवढेच बहुतेक वेळा त्या नावामागचे भांडवल असते. जागा मांडताना चूक झाली, तर नावही भलत्याच समुद्रात जाऊन पडते आणि पुढचा कप्तान त्याच बेटाला दुसरे नाव देऊन मोकळा होतो. म्हणून अशा नोंदीत आधी जागा पक्की करावी, मग बेटाची घडण पाहावी आणि त्यानंतरच नावाकडे वळावे. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने लिहिले आहे. उदाहरणासाठी मुख्यतः दक्षिण अटलांटिक महासागरातले बूव्हे बेट घेतले आहे, कारण जागेच्या आणि नावाच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एकाच बेटाच्या वाट्याला आल्या आहेत.

निवड: ध्रुवीय म्हणजे काय आणि बेट म्हणजे काय

'ध्रुवीय' हा शब्द लिहिण्यापूर्वी तो कोणत्या अर्थाने वापरतो आहोत हे ठरवावे. शाळेच्या पुस्तकातली रेषा ६६°३३′ अक्षांशाची, म्हणजे ध्रुववृत्ताची. अंटार्क्टिक करार १ डिसेंबर १९५९ रोजी झाला. त्याची रेषा ६०° दक्षिण अक्षांशाची आहे आणि तिच्या दक्षिणेचा सर्व प्रदेश करारात येतो. तिसरी रेषा निसर्गाने आखलेली आहे. दक्षिणेकडचे थंड पाणी जिथे उत्तरेकडच्या तुलनेने उबदार पाण्याखाली सरकते, तो पट्टा अंटार्क्टिकाभोवती वेढा घालून आहे आणि त्याला अंटार्क्टिक अभिसरण म्हणतात. बूव्हे बेट ५४°२५′ दक्षिणेला आहे. ते पहिल्या दोन रेषांच्या बाहेर पडते, पण तिसरीच्या आत येते, आणि बेटावर प्रत्यक्ष परिणाम होतो तो या तिसऱ्या रेषेचा. ५४° उत्तर अक्षांशावर उत्तर इंग्लंड आहे, जर्मनीचा उत्तर किनारा आहे. तिथे शेती होते, शहरे आहेत. तेवढ्याच दक्षिण अक्षांशावरचे बूव्हे बेट मात्र सुमारे ९३ टक्के हिमनद्यांखाली झाकलेले आहे, कारण त्या समुद्रात पश्चिमी वाऱ्यांना आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या थंड प्रवाहाला अडवणारी जमीन जवळजवळ नाही आणि युरोपला मिळतो तसा उबदार प्रवाहाचा आधारही नाही. हा कार्यकारणभाव नोंदीत दोन वाक्यांत आला, तर 'थंड प्रदेशातले बेट' असल्या मोघम शब्दांची गरज उरत नाही.

'निर्जन' हा शब्दही तपासून घ्यावा. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातल्या यान मायेन आणि बेअर या बेटांवर कायमची वस्ती नाही, तरी हवामान केंद्रांचे कर्मचारी पाळीपाळीने राहतात. त्यांना सरसकट निर्जन म्हणणे बरोबर नाही. बूव्हे बेटावर १९७७ मध्ये स्वयंचलित हवामान केंद्र बसवले गेले. यंत्रामुळे वस्ती होत नाही, त्यामुळे तिथे हा शब्द लागू पडतो.

मग प्रश्न येतो, ते बेट आहे का? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण ध्रुवीय समुद्रांत तो खरोखर विचारावा लागतो. ग्रीनलँडच्या उत्तर टोकाजवळ १९७८ मध्ये खडीचा एक छोटा उंचवटा सापडला आणि उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या रॉबर्ट पिअरीच्या १९०९ च्या मोहिमेतल्या इनुइट (तिथल्या मूळ रहिवासी) सहकाऱ्यावरून त्याला ऊदाक हे नाव मिळाले. २०२१ मध्ये त्याच्याही उत्तरेला चिखल आणि खडीचा आणखी एक उंचवटा आढळला. त्यासाठी 'केकेर्ताक अवान्नार्लेक', म्हणजे सर्वांत उत्तरेचे बेट, हे ग्रीनलँडी नाव सुचवले गेले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली. पुढच्याच वर्षी तिथल्या समुद्राची खोली मोजली गेली, तेव्हा असे दिसले की हे उंचवटे म्हणजे तळाला टेकलेले, वरून खडी-मातीने झाकलेले हिमनग आहेत. नाव तयार होते, बेट नव्हते. सागरी कायद्याच्या १९८२ च्या करारानुसार बेट म्हणजे नैसर्गिकरीत्या तयार झालेली, चहूकडून पाण्याने वेढलेली आणि भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारी जमीन. भरतीत बुडणारे खडप आणि भरतीतही कोरडे राहणारे बेट यांतला फरक किनाऱ्यावरच्या मुलांना सांगावा लागत नाही. त्यांना फक्त एवढेच जोडून सांगावे की ध्रुवाकडे 'ही जमीन आहे की बर्फ' हीसुद्धा एक परीक्षा घ्यावी लागते.

जागा मांडणे

नोंदीचे पहिले वाक्य अक्षांश-रेखांशांचे असावे, आणि त्यात दिशा कधीही गाळू नये. आपल्याकडची सगळी ठिकाणे उत्तर अक्षांशावर आणि पूर्व रेखांशावर असल्यामुळे '१६° आणि ७३°' एवढे म्हटले तरी भागते. ती सवय दक्षिण गोलार्धात घेऊन गेलो, तर बूव्हे बेट थेट उत्तर समुद्रात, युरोपच्या तोंडाशी जाऊन बसेल. '५४°२५′ दक्षिण, ३°२२′ पूर्व' असे पूर्ण लिहावे.

अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटरचा असतो, पण रेखांशाचा अंश ध्रुवाकडे आक्रसत जातो. कॅल्क्युलेटरवर अक्षांशाची कोज्या, म्हणजे कॉस, काढून तिला १११ ने गुणले की त्या अक्षांशावरचा रेखांशाचा अंश किती किलोमीटरचा ते मिळते. मालवणच्या अक्षांशावर तो सुमारे १०७ किलोमीटर येतो, बूव्हे बेटापाशी सुमारे ६५, आणि ग्रीनलँड व कॅनडा यांच्यामधल्या हान्स बेटापाशी, ८०°४९′ उत्तरेला, अवघा १८ किलोमीटर. हे गणित विद्यार्थ्यांकडून हाताने करून घ्यावे. अंशांतले अंतर आणि किलोमीटरमधले अंतर एकच नव्हे, हे त्याशिवाय ध्यानात राहत नाही.

या गणिताचा उपयोग लगेच होतो. १७३९ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी बूव्हे द लोझिए याने हे बेट पाहिले, तेव्हा सूर्याच्या माध्यान्हीच्या उंचीवरून अक्षांश ठीक काढता येत असे. रेखांशासाठी मात्र समुद्रावर बिनचूक चालणारे घड्याळ लागते आणि ते त्या काळी जहाजांवर नव्हते. त्याने नोंदवलेल्या जागेवरून इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक १७७२ मध्ये शोधाला निघाला आणि ५४° दक्षिण, ११° पूर्व या परिसरात पोहोचला. तिथे काहीच नव्हते. खऱ्या जागेपासून हे ठिकाण साडेसात अंशांहून अधिक पूर्वेला आहे, म्हणजे वरच्या हिशेबाने सुमारे पाचशे किलोमीटर दूर. कुकजवळ लंडनच्या केंडल या कारागिराने बनवलेले उत्तम सागरी घड्याळ होते. त्याची स्वतःची जागा बरोबर होती, पण तो पडताळत असलेली जागा चुकीची होती. बूव्हेने हिमनगालाच जमीन समजले असावे, असा निष्कर्ष त्याने काढला. चांगल्या साधनाने जुनी चूक आपोआप सुधारत नाही, हे या प्रसंगाइतके स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण भूगोलात क्वचितच मिळेल, आणि म्हणून नोंदीत याला जागा द्यावी असे माझे मत आहे.

आकडे किती बारीक द्यावेत? अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. साडेनऊ किलोमीटर लांबीच्या बूव्हे बेटाला मिनिटांपर्यंतचे आकडे पुरतात. सेकंदांपर्यंत गेलो तर बेटाचा कोणता बिंदू मोजला हे सांगावे लागेल. हान्स बेट मात्र १.३ चौरस किलोमीटरचे आहे, त्याला अक्षांशाचे मिनिटही मोठे पडते.

नकाशा काढताना एक सावधगिरी. फोनवर आणि संगणकावर दिसणारे बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात आणि त्यांत ध्रुवांकडची जमीन फुगत जाते. बूव्हे बेटाचे क्षेत्र विषुववृत्तावरच्या तेवढ्याच जमिनीच्या जवळजवळ तिप्पट दिसते, हान्स बेटाचे सुमारे एकोणचाळीस पट. त्यामुळे पडद्यावरच्या आकारावरून 'केवढे बेट आहे' हे ठरवू नये. ध्रुव मध्यभागी ठेवलेला नकाशा मिळाला तर तो वापरावा, नाहीतर सरळ पृथ्वीगोल घ्यावा. शेजारची जमीनही गोलावर दोरा ताणून मोजावी. बूव्हे बेटापासून अंटार्क्टिकाचा क्वीन मॉड लँड हा किनारा सुमारे १,७०० किलोमीटरवर आहे आणि आफ्रिकेचे दक्षिण टोक सुमारे २,५०० किलोमीटरवर. 'जगातील सर्वांत एकाकी बेट' असे लिहिण्याचा मोह होतो. ते लिहायचे असेल तर अंतर कुठून मोजले तेही त्याच वाक्यात सांगावे.

बेटाची घडण

क्षेत्रफळ, उंची, खडक, बर्फ आणि किनारा या पाच गोष्टी नोंदीत हव्यातच, पण पाचही सारख्या लांबीने लिहिण्याचे कारण नाही. बूव्हे बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४९ चौरस किलोमीटर आहे. आकड्याला अंगण द्यायचे असेल तर परिचयाचे माप घ्यावे: सिंधुदुर्ग किल्ल्याचा विस्तार ४८ एकर सांगितला जातो, म्हणजे सुमारे ०.१९ चौरस किलोमीटर. तेव्हा बूव्हे बेट त्याच्या अडीचशे पट आणि हान्स बेट जेमतेम सात पट भरते. सर्वोच्च शिखर ओलाव्हटोपेन ७८० मीटर उंच आहे.

खडकाबद्दल थोडे अधिक लिहावे, कारण बेट तिथे का आहे याचे उत्तर खडकात असते. अटलांटिक महासागराच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेल्या समुद्रतळावरच्या पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाजवळ हे बेट उभे आहे. आफ्रिकी, दक्षिण अमेरिकी आणि अंटार्क्टिक असे तीन भूपट्ट जिथे एकत्र येतात, ते ठिकाण याच परिसरात आहे. बेट म्हणजे एका ज्वालामुखीचा समुद्रावर आलेला माथा आहे आणि त्याचे मुख बर्फाने भरलेले आहे. हिमनद्या चहूबाजूंनी उतरून किनाऱ्यावर कड्यांसारख्या तुटतात, त्यामुळे नौका लावण्याजोगी जागा फार थोडी आहे.

किनाऱ्याविषयी लिहिताना कोकणातल्या लेखकाचे पारडे खरे तर जड आहे. आगोट आली की होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात न्यायच्या, हे ज्याने पाहिले आहे त्याला 'किनारा आहे' आणि 'किनाऱ्याला लागता येते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ठाऊक असते. तोच प्रश्न ध्रुवीय बेटाला विचारावा: कोणत्या महिन्यांत, कोणत्या बाजूने उतरता येते? दक्षिणेत उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारीत असतो, म्हणून मोहिमांच्या तारखा त्या महिन्यांभोवती दाटलेल्या दिसतात. महिन्याचे नाव लिहून कंसात ऋतू लिहिला तर वाचकाचा गोंधळ होत नाही. बूव्हे बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर न्यूरोयसा नावाचा दगडधोंड्यांचा सखल पट्टा आहे. १९५५ ते १९५८ या दरम्यान कधीतरी कडा कोसळून तो तयार झाला. आज पक्ष्यांची आणि सीलची वसाहत तिथे आहे आणि नॉर्वेने १९९६ मध्ये आपले संशोधन ठाणेही तिथेच उभारले होते. ते पुढे नष्ट झाले आणि २०१४ मध्ये नवे बांधले गेले. १९५५ पूर्वीच्या नकाशात हा पट्टा असणारच नाही. म्हणून नकाशा उतरवून घेताना त्याचे साल खाली लिहावे.

वनस्पती आणि प्राणी थोडक्यात आटपावेत: शेवाळ, दगडफूल, पेंग्विन, सील. एवढे मात्र पाहावे की मुलांच्या चित्रात पेंग्विनशेजारी पांढरे अस्वल येऊन बसणार नाही, कारण ते फक्त उत्तर ध्रुवाकडे आढळते. भित्तिपत्रकांवर ही जोडी हटकून दिसते.

नावांची उतरंड

आता नाव. वहीत चार रकाने आखावेत: साल, कोणी पाहिले, पाहिलेली वस्तू काय आहे असे त्याला वाटले, आणि त्याने काय नाव दिले. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक नोंदींत नेमका तोच गहाळ असतो.

बूव्हे बेटासाठी तक्ता असा भरतो. १ जानेवारी १७३९ रोजी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला बूव्हे द लोझिए 'एग्ल' आणि 'मारी' ही जहाजे घेऊन दक्षिणेच्या मोठ्या भूखंडाच्या शोधात होता. धुक्यात बर्फाच्छादित उंच टोक दिसले आणि ते त्या भूखंडाचेच भूशिर आहे असे त्याला वाटले. त्या दिवशी ख्रिस्ती पंचांगात येशूच्या सुंतेचा सण असल्यामुळे त्याने त्याला केप सर्कमसिजन हे नाव दिले. म्हणजे पहिले नाव बेटाचे नव्हतेच, भूशिराचे होते. १८०८ मध्ये जेम्स लिंडसे या इंग्रज कप्तानाला 'स्वान' जहाजावरून हे बेट दिसले आणि काही काळ ते लिंडसे बेट झाले. १८२५ मध्ये जॉर्ज नॉरिसने त्याला लिव्हरपूल बेट म्हटले, त्यावर ब्रिटनचा हक्क सांगितला आणि त्याच फेरीत ईशान्येला आणखी एक बेट दिसल्याचे नोंदवून त्याला थॉम्प्सन बेट हे नाव दिले. १८९८ मध्ये 'वाल्दिव्हिया' या जर्मन मोहिमेने बूव्हे बेटाची जागा अखेर नीट निश्चित केली. थॉम्प्सन बेट मात्र तिला सापडले नाही. १ डिसेंबर १९२७ रोजी 'नॉर्वेगिया' जहाजाचा कप्तान हाराल्ड हॉर्नत्वेट याने ते नॉर्वेच्या ताब्यात असल्याचे जाहीर केले आणि तेव्हापासून त्याचे अधिकृत नाव बूव्हेओया असे आहे.

या तक्त्यातून तीन गोष्टी वाचकापुढे ठेवता येतात. एकाच बेटाची तीन-चार नावे झाली ती मतभेदामुळे नव्हे, तर जागा पक्की नसल्यामुळे. प्रत्येकाला आपण नवीन काही पाहिले असे वाटले. जुने नाव पुसले गेलेच असे नाही, ते कधी कधी लहान होऊन उरते: केप सर्कमसिजन हे नाव आज बेटाच्या वायव्येकडच्या भूशिराला आहे, म्हणजे ज्या प्रकारच्या वस्तूला ते दिले गेले होते तिथेच ते परत आले. आणि नावाला बेट असलेच पाहिजे असा नियम नाही. थॉम्प्सन बेट १९४३ पर्यंत नकाशांवर छापले जात होते. त्याला फसवणूक म्हणण्याची घाई करू नये. त्या समुद्रात मोठा हिमनग आणि बर्फाळ बेट यांत दुरून फरक करणे अवघड असते.

उत्तर ध्रुवाकडे आणि दक्षिण ध्रुवाकडे नावांचा इतिहास वेगळ्या तऱ्हेने घडला आहे, आणि हा फरक नोंदीत यायलाच हवा. दक्षिणेत मूळ रहिवासी नव्हते, त्यामुळे तिथले प्रत्येक नाव बाहेरून आलेले आहे. उत्तरेत इनुइट लोक शतकानुशतके वावरत आहेत. एखादे बेट निर्जन असले तरी ते निनावी असेल असे समजू नये. हान्स बेटावर कोणी राहत नाही, पण त्याला 'तार्तुपालुक' हे इनुइट नाव आहे आणि ते त्याच्या मूत्रपिंडासारख्या आकारावरून पडलेले आहे. 'हान्स' हे नाव हान्स हेन्ड्रिक या ग्रीनलँडी वाटाड्याचे. एलिशा केन, चार्ल्स हॉल, जॉर्ज नेअर्स अशा एकोणिसाव्या शतकातल्या अनेकांच्या मोहिमांत तो होता, आणि त्याच्या शिकारीच्या कौशल्यावर त्यांचे प्राण अवलंबून असत. ध्रुवीय नकाशावर राजे, मंत्री आणि मोहिमांना पैसा पुरवणारे सावकार यांची नावे पसरलेली असताना वाटाड्याचे नाव एका बेटाला मिळाले, हे मला विशेष वाटते. अशा बेटाची नोंद करताना स्थानिक नाव आधी आणि नंतर दिलेले नाव त्यामागून, असा क्रम ठेवावा.

नाव कशावरून पडले हे लिहिताना अंदाज करू नये. ध्रुवीय नावांची कारणे अनेकदा अपेक्षेबाहेरची असतात. ग्रीनलँडच्या उत्तरेला ८३° अक्षांशाच्याही पलीकडे काफेक्लुबेन नावाचे बेट आहे. १९२१ मध्ये तिथे पोहोचलेल्या लाउगे कॉख या डॅनिश भूगर्भशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या खनिज संग्रहालयातल्या कॉफी मंडळावरून हे नाव ठेवले. दक्षिणेत ६८°५०′ अक्षांशावर पीटर पहिला बेट आहे. बेलिंग्सहाउझेनच्या रशियन मोहिमेने १८२१ च्या जानेवारीत ते पाहिले आणि सम्राट पीटरचे नाव दिले. तिथे तारखेचा घोळ असतो, कारण रशियात तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालू होते आणि ते त्या शतकात आपल्या आजच्या पंचांगापेक्षा बारा दिवस मागे होते. रशियन मोहिमेची तारीख लिहिताना ती कोणत्या पंचांगाची हे सांगावे किंवा महिन्यावर थांबावे.

अधिकृत नाव कुठे पाहायचे? नॉर्वेच्या ताब्यातल्या ध्रुवीय प्रदेशांची नावे, म्हणजे स्वालबार्ड, यान मायेन, बूव्हे आणि पीटर पहिला यांची, नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूट ठरवते आणि तिची नामसूची सर्वांना खुली आहे. ६०° दक्षिणेच्या पलीकडच्या नावांसाठी अंटार्क्टिक संशोधनाच्या वैज्ञानिक समितीचा, म्हणजे स्कारचा, एकत्रित नामकोश आहे. त्याचे काम १९९२ मध्ये सुरू झाले. त्यात एकाच ठिकाणाला वेगवेगळ्या देशांनी दिलेली नावे शेजारी शेजारी मिळतात, कारण तिथे कोणत्याही एका देशाचे नाव सर्वांवर बंधनकारक नाही. बूव्हे बेट ६०° च्या उत्तरेला असल्यामुळे ते या कोशाच्या कक्षेत येत नाही, पीटर पहिला येते. भारताची मैत्री आणि भारती ही ठाणी ज्या शिर्माकर आणि लार्समन टेकड्यांत आहेत, त्यांची नावे बाहेरची, पण मैत्रीजवळच्या तळ्याला आपल्या लोकांनी प्रियदर्शिनी हे नाव दिले आहे. हे उदाहरण भित्तिपत्रकावर जरूर घ्यावे. आपल्या ध्रुवीय मोहिमांचा कारभार वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते, म्हणजे सिंधुदुर्गातल्या शाळेला ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे.

देवनागरीत लिहिताना

मूळ भाषेतला उच्चार पाहून लिहावे, रोमन अक्षरे पाहून नव्हे. फ्रेंचमध्ये शेवटचा 'ट' उच्चारला जात नाही, म्हणून 'बौवेट' नव्हे तर 'बूव्हे'. नावाचे दोन भाग असतील तर जातीवाचक भागाचे मराठी करावे आणि विशेषनाम तसेच ठेवावे: बूव्हे बेट, हान्स बेट. नॉर्वेजियन नावांत हा जातीवाचक भाग शेवटी चिकटलेला असतो, 'ओया' म्हणजे बेट, 'टोपेन' म्हणजे शिखर, 'ब्रेन' म्हणजे हिमनदी. त्यामुळे 'बूव्हेओया बेट' लिहिले की बेट दोनदा येते. अर्थात 'जंजिरा' या शब्दातही बेट आहेच आणि आपण किल्ले जंजिरा बेट सहज म्हणतो. पण नोंदीत शक्य तर ही पुनरुक्ती टाळावी. एकदा ठरवलेले लेखन शेवटपर्यंत बदलू नये.

मालकी हा विषय एक-दोन वाक्यांत मिटतो. बूव्हे बेट १९३० च्या कायद्याने नॉर्वेच्या अखत्यारीत आले, त्यापूर्वी ब्रिटनने आपला दावा सोडला होता, आणि १९७१ पासून ते राखीव निसर्गक्षेत्र आहे. पीटर पहिला बेटावरचा नॉर्वेचा दावा अंटार्क्टिक करारामुळे गोठलेला आहे, म्हणून तिथे 'नॉर्वेचे' न लिहिता 'नॉर्वेने दावा केलेले' लिहावे. हान्स बेटाचा कॅनडा आणि डेन्मार्क यांच्यातला वाद १४ जून २०२२ च्या करारात ते विभागून मिटला. जुन्या पुस्तकांत ते अजून वादग्रस्तच दिसेल. जाता जाता: आंतरराष्ट्रीय देशसंकेतांच्या यादीत बूव्हे बेटाला स्वतंत्र दोन अक्षरी संकेत असल्यामुळे संगणकावरच्या अनेक अर्जांत 'देश' निवडताना भूतानच्या आसपास ते दिसते. तेवढ्यावरून तो देश समजू नये.

आधी घरच्या बेटावर सराव

ही पद्धत पहिल्यांदा आपल्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या बेटावर वापरून पाहावी. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले आणि किल्ल्याच्या नावाने बेटाचे नाव झाकले गेले. थळसमोरच्या खांदेरीला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, तरी किनाऱ्यावर ती खांदेरीच आहे. गावातल्या जुन्या तांडेलांना भेटून समुद्रातल्या खडपांची नावे विचारावीत आणि तोच चार रकान्यांचा तक्ता भरावा. इथे प्रत्येक नावाला साक्षीदार मिळतो; मग ध्रुवीय बेटाच्या नावाला तसा साक्षीदार का मिळत नाही, हे मुलांना न सांगता कळते.

नमुन्यादाखल बूव्हे बेटाची पूर्ण नोंद अशी होईल:

'बूव्हे बेट ५४°२५′ दक्षिण, ३°२२′ पूर्व येथे दक्षिण अटलांटिक महासागरात आहे. सर्वांत जवळची मोठी जमीन म्हणजे दक्षिणेला सुमारे १,७०० किलोमीटरवरचा अंटार्क्टिकाचा किनारा. ध्रुववृत्ताच्या बाहेर असूनही अंटार्क्टिक अभिसरणाच्या आत असल्यामुळे या ज्वालामुखी बेटाचा सुमारे ९३ टक्के भाग हिमनद्यांखाली आहे. क्षेत्रफळ सुमारे ४९ चौरस किलोमीटर, सर्वोच्च शिखर ओलाव्हटोपेन, ७८० मीटर. वस्ती नाही. बूव्हे द लोझिए याने १ जानेवारी १७३९ रोजी ते पाहिले, पण भूखंडाचे टोक समजून त्याला केप सर्कमसिजन म्हटले. रेखांश चुकल्यामुळे ते पुढे अनेक वर्षे सापडले नाही आणि लिंडसे, लिव्हरपूल अशी आणखी नावे त्याला मिळाली. १८९८ मध्ये जागा निश्चित झाली. १९३० पासून नॉर्वेच्या अखत्यारीत. अधिकृत नाव बूव्हेओया.'

१९६४ मध्ये बेटावर एक बेवारस होडी सापडली होती आणि तिच्याभोवती बरीच रहस्ये रचली गेली आहेत. ती वरच्या नोंदीत मुद्दाम घेतलेली नाही, कारण बेटाच्या भूगोलाशी किंवा नावाशी तिचा संबंध नाही. व्याख्यानात श्रोते पेंगू लागले तर ती शेवटी सांगायला हरकत नाही.

नोंद पूर्ण झाल्यावर तिची पहिली दोन वाक्ये, बेटाचे नाव झाकून, दुसऱ्या कोणाला तरी द्यावीत आणि पृथ्वीगोलावर त्या जागी बोट ठेवायला सांगावे. बोट दुसरीकडे पडले, तर नावांचा मजकूर कितीही सुरेख असला तरी आधी ती दोन वाक्ये पुन्हा लिहावीत.